मागून लिहिलेलं पत्र आधी पोचतं तेव्हा : ग्वाल्हेरच्या एका फौजी गठ्ठ्याचं प्रकरण

युद्धावर गेलेल्या माणसाने घरी पाठवलेली पत्रं बऱ्याच घरांत निघतात. घरून त्याला गेलेली पत्रं सहसा हाती लागत नाहीत. घरी कागद ठेवायला ट्रंक असते, माळा असतो, देव्हाऱ्याखालचा खण असतो. आघाडीवर फक्त खिसा असतो, आणि तळ हलवताना नावं-पत्ते असलेले कागद मागे ठेवू नयेत ही फौजेची जुनी शिस्त. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरात मात्र उलट घडलं. श्रीलंकेत असलेल्या मुलाला घरून गेलेल्या पत्रांचा अख्खा गठ्ठा त्याच्या काळ्या फौजी पेटीत निघाला, आणि त्याने घरी लिहिलेली पत्रं जवळपास सगळी वाळवीने खाल्ली. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं, पलटण आणि पत्ता इथे दिलेला नाही.

गठ्ठ्यात एकूण ११८ कागद होते : ८१ अंतर्देशीय, १४ पाकिटं, ११ पोस्टकार्डं आणि मनिऑर्डरच्या १२ पावत्या. सगळ्यात जुनी चार पत्रं १९८६ची, पलटण पूर्वेकडे असतानाची. बाकीची ऑगस्ट १९८७ ते फेब्रुवारी १९९० या काळातली.

काळाची चौकट थोडक्यात अशी. श्रीलंकेतलं यादवी युद्ध जुलै १९८३ मध्ये पेटलं आणि मे २००९ मध्ये संपलं. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगेच भारतीय शांतिसेना तिथे उतरू लागली. करार राखायला गेलेली ही फौज ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागली. हेच ऑपरेशन पवन. ऑक्टोबर संपता संपता जाफना शहर हाती आलं, पण लढाई थांबली नाही. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी परतली, तोवर बाराशेच्या आसपास जवान मारले गेले होते.

घरच्यांनी गठ्ठा जतन आणि वाचनाच्या कामाला दिला त्याची कारणं दोन. कागद घड्यांवर तुटायला लागले होते, हे एक. दुसरं जरा नाजूक होतं. १३ ऑक्टोबर १९८७ला घरातले आजोबा, सगळ्यांचे अण्णा, गेले. काकांनी दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड टाकून पुतण्याला कळवलं. मग नोव्हेंबर संपताना पुतण्याचं १२ तारखेचं पत्र आलं. त्यात अण्णांबद्दल चकार शब्द नव्हता, उलट लिहिलं होतं, ‘माझ्यासाठी दिवाळी थांबवायचं काही कारण नव्हतं. मी नसलो तरी सण करायचा.’ सुतकातल्या घराला सण करा म्हणणारा नातू! काकांनी ते पत्र जपून ठेवलं, रागाने. वाळवीतून वाचलेल्या मोजक्या पत्रांत ते आहे ते त्यामुळेच. जवान आता हयात नाही, काका आहेत, आणि बहिणीला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तेव्हा नेमकं झालं काय.

गठ्ठा उघडण्याआधी

पेटीत पत्रांचे तीन बांध होते. एक बुटाच्या नाडीने बांधलेला, एक रबरबँडने, एक सुतळीने. तिन्ही मिळून एका पॉलिथीनच्या पिशवीत, आणि पिशवीत मूठभर डांबरगोळ्या. ही आपल्याकडची ठरलेली पद्धत आणि ठरलेली चूक. बंद पॉलिथीनमध्ये पावसाळ्यातली ओल कोंडते, उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसाला टेकला की आतला कागद भाजून निघतो, आणि डांबरगोळ्यांचा वास कागदात मुरतो. कसर लागायची ती लागलीच होती.

पहिलं काम कागदाला हात न लावता करायचं असतं : बांध जसे आहेत तसे चारी बाजूंनी फोटो. मग एकेक पत्र वरून उचलताना मागच्या कोपऱ्यात मऊ, २बी पेन्सिलीने सापडल्याचा क्रमांक घालायचा. पहिल्या बांधाला न१, न२, दुसऱ्याला र१, र२, असा. बॉलपेन नको, स्टिकर नको, आणि तारखेप्रमाणे लावायची घाई तर मुळीच नको. इथे रबरबँडवाला बांध घरातल्या एका भाच्याने आधीच उघडून ‘नीट’ तारीखवार लावून ठेवला होता. त्याचा हेतू चांगला होता, पण त्या बांधाचा मूळ क्रम कायमचा गेला. नाडीच्या बांधाला कुणी हात लावला नव्हता म्हणून हे प्रकरण सुटलं.

रबरबँड आधी वितळून चिकटलेलं आणि मग वाळून खडखडीत झालेलं. ते ओढायचं नाही आणि पेट्रोलने पुसायचंही नाही, कारण पेट्रोल बॉलपेनची शाई पसरवतं. बांबूच्या बोथट पातीने कण कण खरवडून काढायचं आणि कागदात उतरलेला डाग तसाच राहू द्यायचा. गंजलेल्या टाचण्यांखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे टाचणी कागदावर न घासता पट्टीवर सरकते. सेलोटेपला हात लावायचा नाही. टेप गळून पडली असली तरी तिचा चिकट थर धाग्यांत गेलेला असतो. तो काढणं हे रसायनं हाताळणाऱ्या संवर्धकाचं काम.

कसरीसाठी पत्रं कोरड्या टिपकागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, हवा काढून, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस तशीच बंद ठेवायची. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा यासाठी चालत नाही. तिथलं तापमान वरखाली होतं आणि किडे मरत नाहीत, सुस्तावतात फक्त. बुरशीची सहा पत्रं वेगळी काढून सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर वाळवली आणि मास्क लावून मऊ ब्रशने झटकली, तीही घराबाहेर.

अंतर्देशीयाची रचना

अंतर्देशीय म्हणजे एकच पातळ निळसर कागद. तीन घड्या, गोंदाच्या पट्ट्या, आत-बाहेर लिहायला जागा. घरचं पत्र एकट्याचं नसतं हे या कागदावर लगेच दिसतं. मधल्या भागात आईचं बॉलपेन, खाली बहिणीचं निळ्या शाईचं पेन, उरल्या जागेत वडिलांच्या दोन ओळी, आणि पट्टीच्या आतल्या बाजूला उभं, कोंबून काकूचं ‘ता. क.’ पत्र फोडताना सर्वांत आधी फाटते ती ही पट्टीच. गठ्ठ्यातल्या २३ अंतर्देशीयांच्या पट्ट्या तुटून आत पडलेल्या होत्या. चुरा म्हणून झटकून टाकाव्यात इतक्या बारीक, पण त्यांवर मजकूर होता. म्हणून प्रत्येक पत्र पांढऱ्या ट्रेमध्ये उघडायचं आणि पडलेला तुकडा त्याच पत्राच्या क्रमांकाच्या पाकिटात घालायचा.

घड्या सरळ करायला ओलावा द्यावा का, हे शाईवर ठरतं. बॉलपेनची शाई तेलाची असते, दमट हवेने तिला फारसं काही होत नाही. बहिणीची धुवून जाणारी निळी शाई मात्र नुसत्या वाफेनेही फुटते. म्हणून आधी एखाद्या कडेच्या टिंबाला किंचित ओलसर कापसाचं टोक टेकवून बघायचं. निळं उतरलं तर त्या पत्राला ओलावा बंद. अशी पत्रं टिपकागदाच्या दोन थरांमध्ये, वर काच आणि काचेवर दोनेक किलो वजन ठेवून आठवडाभर दाबली की पुरे होतं. घडी पूर्ण जात नाही, जायला हवी असंही नाही. बॉलपेनची कडक झालेली पत्रं बंद डब्यात, खाली ओला टिपकागद, मध्ये जाळी, वर पत्र, अशी अर्धा ते एक तास ठेवून मग दाबली. दर दहा मिनिटांनी झाकण उचलून बघायचं, झाकणाच्या आतून थेंब लोंबत असेल तर पाणी जास्त झालं आहे.

एक गोष्ट सपाट करताना निसटते. नऊ अंतर्देशीयांना कारखान्याच्या घड्यांखेरीज मधोमध एक जादा घडी होती आणि त्या घडीवर घामाचा पिवळा पट्टा. शर्टाच्या खिशात मावावं म्हणून घातलेली ही घडी आहे. आलेली सगळी पत्रं त्याने बांधात ठेवली, ही नऊ अंगावर बाळगली. ती कुठली हे आधी लिहून ठेवायचं, मग दाबायचं.

लॅमिनेशनबद्दल एकच वाक्य पुरे : कसर आणि वाळवी मिळून जेवढी जुनी पत्रं खात नसतील तेवढी कोपऱ्यावरच्या लॅमिनेशनवाल्याने मारली आहेत, आणि ते परत काढता येत नाही.

पत्ता, शिक्के आणि फौजी टपाल

एकाही पत्राच्या पत्त्यात श्रीलंका हा शब्द नाही. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), बस. नागरी टपालखातं असा पत्ता दिसला की पत्र सैन्याच्या मध्यवर्ती टपालघराकडे देतं. ५६ म्हणजे दिल्लीचं, ९९ म्हणजे कलकत्त्याचं. कोणती पलटण आज कुठे आहे याची यादी त्यांच्याकडेच असते. तिथून पत्रांच्या थैल्या त्या त्या फील्ड पोस्ट ऑफिसला आणि पुढे पलटणीच्या टपाल-जवानाच्या हाती. घरच्यांनी ग्वाल्हेरात बसून साधं अंतर्देशीय लाल डब्यात टाकायचं, समुद्र ओलांडायची जबाबदारी फौजेची.

शिक्क्यांबाबत बाहेरून येणारे लोक इथे हमखास एक चूक करतात. ‘लश्कर’ असा शिक्का बघून पत्र फौजी टपालातून निघालं अशी नोंद करतात. तो ग्वाल्हेरच्या एका भागाचा नागरी शिक्का आहे. आणि फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात नुसता क्रमांक असतो, गावाचं नाव नसतं. ते टपालघर ज्या फौजेसोबत असतं तिच्यासोबत हलतं. तेव्हा एका शिक्क्यावरून नकाशावर टाचणी टोचू नये.

अक्षराखाली दबलेला शिक्का वाचायला भिंगापेक्षा स्कॅन उपयोगी. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. दोन्ही बाजू, कोऱ्या बाजूसकट. मग फोटो-संपादनाच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये फक्त निळा चॅनल, म्हणजे चित्रातला निळ्या रंगाचा थर, बघायचा. निळी शाई फिकी होते आणि काळा शिक्का वर येतो. लाल चॅनलमध्ये याच्या उलट, निळं अक्षर गडद होतं. अस्पष्ट झालेली १७ पत्रं अशी वाचता आली. फाइलचं नाव सापडल्याच्या क्रमांकावरून ठेवावं, तारखेवरून नको. तारीख पुढे बदलू शकते.

तारखा

इथे ग्वाल्हेरचं पाणी वेगळं आहे. आई महिने आपल्या पंचांगाने लिहिते, म्हणजे महिना अमावास्येला संपणारा. काकूचं शिक्षण हिंदी माध्यमात, तिचा महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोघींचा महिना एकच, वद्य पक्षात काकू एक महिना पुढे. तिचं ‘कार्तिक बदी ९’चं पत्र आधी नोव्हेंबरात लागलं होतं. मराठी हिशेबाने ती आश्विन वद्य नवमी, म्हणजे ऑक्टोबर १९८७चा मध्य, आणि शिक्का १७ ऑक्टोबरचा निघाला. माळव्यात किंवा ग्वाल्हेरीत मराठी पत्रं लावणाऱ्याने हा फरक पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावा.

दुसरा सापळा अधिकमासाचा. १९८८ मध्ये ज्येष्ठ अधिक होता, साधारण १६ मे ते १४ जून. नुसतं ‘ज्येष्ठ शु. ५’ असेल तर तारीख अधिक आणि निज, दोन्ही ज्येष्ठांत बसते. एका पत्रात ‘जावईबापूंना अनारशांचं वाण दिलं’ असं होतं, म्हणून ते अधिकातलं ठरलं.

तारीखच नसलेल्या पत्रांना घरातल्या बारीकसारीक गोष्टी कामी येतात. वडिलांच्या दोन ओळींत ‘रूपसिंग स्टेडियमवर वेस्ट इंडिजची मॅच बघितली, हरलो’ : २२ जानेवारी १९८८ नंतरचं. रविवारच्या रामायणाचा उल्लेख असेल तर ३१ जुलै १९८८च्या आतलं, महाभारताचा असेल तर २ ऑक्टोबर १९८८ नंतरचं. दिल्लीची नवी शताब्दी गाडी आली म्हणजे १९८८ किंवा पुढचं. असा एकच धागा असेल तर तारीख पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह. दोन स्वतंत्र धागे जुळले तरच पक्की.

पत्रांमधल्या खंडाचा अर्थ लावतानाही घाई होते. फेब्रुवारी-मार्च १९८८ मध्ये घरून सात आठवडे एकही पत्र नाही. पत्रं गहाळ झाली, लढाईत गेली, असं लिहायचा मोह होतो. तो तेव्हा रजेवर घरीच होता. आधीचा बांध तो तेव्हाच घरी घेऊन आला, पेटीत टाकला आणि परत गेला. तीन बांध म्हणजे दोन रजा आणि एक अखेरचा परतीचा प्रवास.

तीन कागद

आता मूळ प्रश्न. जवानाला एक सवय होती. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तो ‘मि.’ म्हणून मिळाल्याची आणि ‘उ.’ म्हणून उत्तर दिल्याची तारीख बॉलपेनने घालायचा, आणि मिळेल त्या क्रमाने पत्र बांधात खाली सारायचा. त्यामुळे नाडीचा बांध म्हणजे त्याने पत्रं वाचल्याचा क्रम होता. घरच्यांच्या डोक्यात मात्र लिहिल्याचा क्रम.

पत्राला किती दिवस लागले हे काढताना वर लिहिलेली तारीख घ्यायची नाही, शिक्क्याची घ्यायची. घरचं पत्र लिहायला सुरुवात झाल्यापासून डब्यात पडेपर्यंत दोन-तीन दिवस घरातच फिरतं. शिक्का ते ‘मि.’ असा हिशेब केल्यावर ऑगस्ट-सप्टेंबर १९८७ मध्ये सात ते दहा दिवस दिसले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोळा ते वीस. पुढच्या वर्षी पुन्हा आठ-दहा.

या पट्टीवर तीन कागद ठेवले.

पहिला, बहिणीचं अंतर्देशीय. सुरुवात २४ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या रात्री, शिक्का २६चा. ‘यंदा आपल्याकडे दिवाळी नाही. फराळ शेजारच्या काकूंनी आणून दिला. मी तुझ्या नावाने चंद्राला ओवाळलं.’ अण्णा गेल्याचं तिने लिहिलेलं नाही. काकांचं कार्ड दहा दिवसांपूर्वीच गेलं होतं, पुन्हा तेच काय लिहायचं. मि. ११/११, उ. १२/११. खिशात बाळगलेल्या नवांपैकी हे एक.

दुसरा, आईचं पत्र. शिक्का ३० ऑक्टोबरचा. घरची खुशाली, दुष्काळामुळे भाज्यांचे भाव, आणि मध्येच : ‘अण्णांचं तेरावं नीट पार पडलं. तार मुद्दाम केली नाही, तार बघून तुझा जीव घाबरा झाला असता.’ मि. १७/११, उ. १८/११.

तिसरा, काकांचं पोस्टकार्ड. शिक्का १४ ऑक्टोबरचा. वर श्री नाही. ‘ती. अण्णांना काल मंगळवारी पहाटे देवाज्ञा झाली. सुट्टीसाठी खटपट करू नये.’ मि. २३/११. उत्तराची तारीख नाही.

चाळीस दिवस. बाकीची पत्रं सोळा ते वीस दिवसांत येत असताना हे एकच चाळीस. लढाईमुळे उशीर झाला असं म्हणून सोडून देणं सोपं होतं, पण लढाईने सगळ्याच पत्रांना सारखा उशीर केला होता. तेवढाच उशीर याला झाला असता तर हे कार्ड ३० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबरच्या दरम्यान पोचलं असतं, बहिणीच्या पत्राच्या आठवडाभर आधी. क्रम उलटा व्हायला आणखी काहीतरी हवं. ते पत्त्यात होतं. ‘द्वारा ९९ एपीओ’. नव्व्याण्णव लाल पेन्सिलीने खोडलेले, बाजूला दुसऱ्या हाताने ५६, आणि कडेला अर्ध्या शिक्क्याचा काळा डाग, ज्यात ऑक्टोबर वाचता येतो, जागा नाही. कार्ड आधी पूर्वेकडच्या टपालघराकडे गेलं आणि तिथून वळवलं गेलं. काकांनी पत्ता घरातल्या जुन्या वहीतून उतरवला होता, १९८६चा. आई आणि बहीण त्याच्या ताज्या पत्रावरून उतरवत.

म्हणजे ११ नोव्हेंबरला त्याच्या हातात पडलं ते ‘दिवाळी नाही’ एवढंच. आपण लढाईत आहोत म्हणून घरच्यांनी सण केला नाही, असा त्याने अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवशी समजुतीचं पत्र लिहिलं. अण्णा गेल्याचं त्याला १७ला कळलं, तेही तेराव्याच्या एका ओळीतून.

मग त्याने १८ला काय लिहिलं? ते पत्र वाळवीत गेलं. पण घरच्या पत्रांची मराठी सुरुवात ठरलेली असते आणि ती इथे उपयोगी पडली : ‘तुझे अमुक तारखेचे पत्र पोचले, मजकूर कळला.’ आईचं डिसेंबरातलं पत्र उघडलं तर, ‘तुझं अठरा तारखेचं पत्र आणि मनिऑर्डर दोन्ही मिळालं. पत्र तुझ्या बाबांनी दोनदा वाचून घेतलं.’ मनिऑर्डरच्या पावत्यांत याची जोड सापडली. तेव्हा पैसे मिळाल्यावर घेणाऱ्याची सही असलेला भाग पाठवणाऱ्याकडे परत येई, म्हणून त्या पावत्या त्याच्या पेटीत होत्या. एरवी दर महिन्याला चारशे रुपये. लश्करच्या ४ डिसेंबरच्या शिक्क्याची पावती सातशेची, आईच्या सहीची. काका तोवर वेगळे राहायला गेले होते. १८ तारखेचं पत्र त्यांनी पाहिलंच नव्हतं.

याच पद्धतीने ‘पत्र पोचले’च्या ओळी वेचून त्याच्या गहाळ झालेल्या ५७ पत्रांची तारीखवार यादी तयार झाली. एक बाजू जळली, कुजली तरी दुसऱ्या बाजूत तिचा सांगाडा उरतो. फौजी पत्रांचं काम करणाऱ्याने पहिल्या वाचनातच ही ओळ वेगळ्या रकान्यात उतरवावी. मागाहून करायचं म्हटलं की सगळा गठ्ठा पुन्हा वाचावा लागतो आणि कागद पुन्हा हाताळला जातो.

काकांच्या कार्डाची आणखी एक बाब. त्याचा उजवा वरचा कोपरा नाही. पहिल्या नोंदीत ‘कोपरा फाटलेला, जोड द्यावी’ असं आलं होतं. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडून टाकायची रीत तरुण हातांना माहीत नसते. फाटलेली कड सरळ आणि बोटाने दाबून काढलेली होती, कसरीची नागमोडी नव्हे. जोड रद्द झाली. नोंदीत आता ‘कोपरा मुद्दाम काढलेला, दुखवट्याची खूण, हात लावू नये’ असं आहे.

घरच्यांना काय दिलं

उतारे जसेच्या तसे. ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदी मिसळते, ‘काय करून राहिला आहेस’, ‘बारिश झालीच नाही’, तेही तसंच. शुद्धलेखन सुधारलं की कोणती ओळ कुणी लिहिली हे ओळखायची सोय जाते. चार हातांच्या पत्रात अक्षराइतकीच भाषा ओळख देते.

अहवालात कुणाची चूक असा रकाना ठेवला नाही. तीन कागद, त्यांच्या दोन-दोन तारखा, खोडलेला ९९ आणि पावती, एवढंच समोरासमोर लावलं. पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाला ते कसं आणि कधी दाखवायचं हा घरच्यांचा निर्णय, अभ्यास करणाऱ्याचा नाही.

मूळ पत्रं आता आम्लविरहित कागदाच्या घडीत एकेक, दहा-दहाच्या पाकिटांत, पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी आहेत. जाता-येता बघायची कार्डं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. फोटो अल्बमची पीव्हीसीची पानं नकोत, त्यांचा तो ‘नव्या प्लास्टिकचा’ वास म्हणजेच कागदाचं नुकसान. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा माळ्यावर नाही. डांबरगोळ्या बंद. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, उघडून बघायचं. स्कॅनच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी.

नेटवर काही टाकायचं झालं तर सैनिक क्रमांक आणि पलटण झाकून. लग्नानंतरची, बायकोने लिहिलेली अकरा पत्रं स्कॅनही न करता बंद पाकिटात ठेवली आहेत. ती हयात आहे आणि तिने नाही म्हटलं.

सात अंतर्देशीयांवरचं छापील तिकीट घरातल्या पोरांनी तिकिटांच्या वहीसाठी कापून नेलं होतं, आणि तिकिटासोबत शिक्काही गेला. चारांची तारीख मजकुरावरून लागली. तीन राहिली. त्यातल्या एकात मेळ्यात नवा पाळणा आला आहे आणि शेजारची म्हैस व्याली आहे, आणि ग्वाल्हेरचा मेळा दर हिवाळ्यात भरतो. तिन्ही डब्याच्या शेवटी आहेत, वर पेन्सिलीने ‘१९८७-९०?’ असं लिहून.